थोरली आणि धाकटी

६ मार्च, गुरुवार

बोलावलं! सागरी संशोधन संस्थेत पीएच.डी.च्या जागेसाठी मुलाखत, २६ तारखेला, ऑनलाइन. मेल किती वेळा वाचली ते विचारू नये. खाली एक ओळ जास्तीची होती – तुमच्या त्या जोडीविषयी ऐकायला समिती उत्सुक आहे.

माझी जोडी. थोरली आणि धाकटी.

दोन हिवाळे मालवणच्या बाजूला ज्ञानूकाकांच्या होडीत बसून काढले. पॉर्पॉइज, डॉल्फिनचे चुलतभाऊ, दिसले की नुसती चडफड व्हायची – त्यांच्या पाठीला पंखच नाही, कोण कुठला ओळखायचं कशावरून? हंपबॅक डॉल्फिन बरे. पाठीच्या पंखावरच्या खुणा, अंगावरचे वळ यांवरून एकेकाला नाव देता येतं. मग कोण कुणाबरोबर हिंडतो ते लिहून ठेवायचं. बाकीचे सगळे आज याच्याबरोबर, उद्या त्याच्याबरोबर. या दोघी मात्र कायम एकत्र. एक दिसली की दुसरी असायचीच. कळपापासून जरा लांब, आपापल्या. पंखाखाली दोरीचा पांढरा वळ ती थोरली, पंखावर गुलाबी ठिपके ती धाकटी. एम.एस्सी.च्या प्रबंधात त्यांना नंबर आहेत. मी आणि काका त्यांना जावा म्हणतो.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “जावाजावा कवा एवढ्या गोडीनं ऱ्हात्यात व्हय? नीट बघ, बहिणी असतील.”

९ मार्च, रविवार

घरी, कुरुंदवाडला जाऊन आले. आत्या आलेली. आल्या आल्या सुरू – मासं मोजून झालं का गं? डॉल्फिन मासा नाही, हे मी आता सांगतच नाही. आमच्या जैनाच्या घरातली पोरगी मासेमारीच्या होडीत बसते, हे अजून तिच्या पचनी पडलेलं नाही. आईच्याही नाही, पण ती बोलत नाही. समुद्रावरून आले की आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर, एवढंच. ज्ञानूकाकांच्या बायकोनं माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवलंय हे कळल्यावर मात्र तिनं त्यांना डबाभर लाडू पाठवले होते.

अण्णा गिरणीतून उशिरा आले. भुवयांवर पीठ. जेवताना म्हणाले, बी.एड.च्या परीक्षेचं काय केलंस? मी म्हटलं, मुलाखत आहे. अण्णांनी भाकरी मोडली.

“ही एक हून जाऊ दे. न्हाय झालं तर बी.एड. मग पुन्हा समुद्राचं नाव काढायचं न्हाय.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आमच्या घरात बारावीच्या पुढं कुणी गेलं नाही. अण्णांनी मला इथवर आणलं तेच भावकीशी भांडून. त्यांचा राग नाही. पण बी.एड. केलं की मी संपले. हे कुणाला सांगता येत नाही.

११ मार्च

मुलाखतीच्या स्लाइड करत बसले होते. प्रियदर्शनी – वारणानगरची, माझ्या खोलीत राहते, वर्गातही माझ्याच – मागून बघत होती. म्हणाली, “अगं, ह्यो इकडं एक, तिकडं एक कशाला? दोघींचा एकत्र फोटू टाक की.”

टाकते म्हटलं.

१२ मार्च

एकत्र फोटो सापडत नाही.

१३ मार्च, गुरुवार

पहिल्या हिवाळ्याचे सगळे फोल्डर बघून झाले. डोळे चुरचुरतायत. थोरली आहे. धाकटी आहे. त्याच दिवशी, त्याच जागी, दोन-चार मिनिटांच्या अंतरानं. पण एका चौकटीत दोघी नाहीत.

एवढ्या फोटोंत एकही नाही? बाकीच्यांचे तर तिघांचे, चौघांचे आहेत.

होतं असं. एक वर आली की दुसरी खाली असते. पाणी गढूळ. काकासुद्धा म्हणायचे की दोघी आलटून पालटून श्वास घेतात. पण काकांना तसं आधी कोण म्हणालं होतं? मीच. मी सांगितलं, काका, या दोन आहेत. त्यानंतर त्यांना दोन दिसायला लागल्या.

१४ मार्च

आणखी एक. काही दिवशी मला एकीचाच फोटो मिळाला होता. तिथं मी काय लिहिलंय? ‘दुसरी पाण्याखाली असावी.’ आणि मोजताना दोघी धरल्या!

कुणी सांगितलं होतं मला, असावी म्हणून?

१५ मार्च, शनिवार

थोरलीचे सगळे फोटो डाव्या बाजूचे आहेत.

धाकटीचे सगळे उजव्या.

१६ मार्च

जेवले नाही. प्रियदर्शनीनं विचारलं, घरी काय झालंय का? नाही म्हटलं. कळंब्याच्या तळ्यावर जाऊन बसले. लोक फिरायला आलेले, पोरं सायकलवर. सगळ्यांचं सगळं ठीक. मला एकच फोटो पाहिजे. एकच! दोन पंख, शेजारी शेजारी. अस्पष्ट असला तरी चालेल. अर्धा कापलेला असला तरी चालेल. देवाधर्माचं मला फारसं जमत नाही, पण आज मनातल्या मनात णमोकार म्हणत फोल्डर उघडत होते. लाज वाटते लिहायला.

१७ मार्च, सोमवार

सापडला.

‘बाद’ नावाच्या फोल्डरमध्ये होता, हललेल्या, बिनकामाच्या फोटोंत. होडी अगदी मागं होती आणि ती आमच्यापासून सरळ पुढं चाललेली. पाठमोरी. पंख धारेवर दिसतोय, सुरीसारखा. डाव्या अंगाला पांढरा वळ. उजव्या बाजूला गुलाबी ठिपके.

पाठ एक.

मागचे-पुढचे फोटो लावून बघितले. आधीच्यात थोरली, मधला हा, पुढच्यात ती वळल्यावर धाकटी. पापणी लवायच्या आत. दोन असत्या तर एवढ्यात जागा बदलूच शकल्या नसत्या.

पंखाची कड गुळगुळीत आहे तिची. कडेला खाच असती तर दोन्ही बाजूंनी सारखी दिसली असती आणि मी फसले नसते. हे पहिल्या वर्षीच शिकवलेलं. डावी बाजू आणि उजवी बाजू वेगवेगळी मांडा, दोन्ही जुळल्याशिवाय नाव देऊ नका. मी परीक्षेत लिहिलंय हे! पूर्ण मार्क मिळवलेत!

१९ मार्च. रंगपंचमी

रस्त्यावर नुसता दंगा. प्रियदर्शनी दार वाजवून गेली – “ये की खाली, सुतकात हायस काय?” गेले नाही. दुपारी ती हिरवीनिळी होऊन आली, तेव्हा सांगितलं. सगळं. फोटो दाखवला. ती केस पुसता पुसता थांबली. मग म्हणाली, “म्हंजे तू एकाच बाईला समोरनं आणि मागनं बघून दोन बायका म्हटलंस.”

मी हसले. मग रडले. तिनं मला जवळ घेतलं. तिच्या हाताचा रंग माझ्या पाठीला लागला.

२० मार्च, गुरुवार

सरांना भेटले. माझे गाइड, उदयसिंह सर, चिडतील असं वाटलं होतं. नाही चिडले. तेच वाईट झालं. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, चष्मा काढला, पुसला. एक हललेला फोटो, म्हणाले. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मी पुढचे-मागचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

प्रबंध अजून कुठं छापून आलेला नाही, म्हणाले. मुलाखत होऊ दे. जागा मिळाली की तिथं सावकाश दुरुस्त कर, सगळेच करतात. मी म्हटलं, सर, त्यांनी मला या जोडीसाठीच बोलावलंय.

“म्हणूनच सांगतोय, दीपा. गिरणीवाल्याच्या पोरीला दुसऱ्यांदा कोण बोलावणार आहे?”

अपमान करायला नाही म्हणाले ते. त्यांचे वडील साखर कारखान्यात होते, त्यांना माहीत आहे म्हणून म्हणाले. स्वतःचा कॅमेरा दोन वर्षं मला दिलाय त्यांनी.

२२ मार्च

प्रियदर्शनी – “सांगायचं असंल तर सांग आनि घरी जाऊन पीठ दळ. न्हायतर गप बस. पन मधलं काय करू नकोस. मधल्यानं मानूस कुजतंय.”

२३ मार्च, रविवार

आत्ता मुलाखतीत सांगितलं तर काय उरतं माझ्याकडं? बाकीचे डॉल्फिन आहेत, पण त्यांचं ‘आज याच्याबरोबर, उद्या त्याच्याबरोबर’ हे जगाला आधीच माहीत आहे. मी नवीन काय सांगितलं? फक्त ती जोडी. तीच नाही. मग मी कोण? फोटो नीट न लावता येणारी एक मुलगी.

आणि नाही सांगितलं तर?

आईचा फोन आला. देवळात दिवा लावून आले म्हणाली. फोन ठेवल्यावर उशीत तोंड खुपसून ओरडले.

२५ मार्च

सांगणार. ठरलं. पहिल्याच वाक्यात.

२६ मार्च, बुधवार

नाही सांगितलं.

सरांच्या खोलीत बसले होते. सर मुद्दाम बाहेर गेलेले. पडद्यावर चौघं जण. त्यातल्या एक बाई, पांढरे केस, फार प्रेमळ चेहरा. हसून म्हणाल्या, त्या दोघींबद्दल सांगा. मी तोंड उघडलं, आणि तोंडातून ‘त्या दोघी’ असंच आलं. एकदा आल्यावर पुढचं आपोआप. त्या कळपात का मिसळत नसाव्यात, एकीला दोरीचा वळ कसा असावा, जाळ्यातून सुटल्यावर दुसरीनं तिला सांभाळलं असेल का. हे तर मी प्रबंधातसुद्धा लिहिलेलं नाही! तिथल्या तिथं सुचलं. त्या बाई खाली मान घालून लिहीत होत्या. मी इतकी चांगली कधीच बोलले नव्हते.



२८ मार्च

कुणाशी बोलावंसं वाटत नाही. प्रियदर्शनी येऊन जाते. चहा आणून ठेवते.

१ एप्रिल, मंगळवार

निवड झाली. जुलैमध्ये रुजू व्हायचं.

अण्णांनी गिरणीवर येईल त्याला सांगितलं. ज्वारी दळायला आलेल्या बायकांना, पोत्याच्या गाडीवाल्याला. फोनवर मागं पट्ट्याचा आवाज आणि त्यावर ओरडून अण्णा – “आमची दीपा डाक्टर हुनार! समुद्रातली!” आत्यानं म्हणे स्वतःहून पेढे आणले. आई फोन घेऊन बाजूला गेली, हळूच म्हणाली, “तुझ्या जावांमुळंच झालं गं. त्यांस्नी काय गोडधोड टाकता येतं का पाण्यात?”

मी म्हटलं, नाही आई. मासे खातात त्या.

काय झालंय मला? मरून जावं असं वाटतंय.

४ एप्रिल, शुक्रवार

ज्ञानूकाकांचा फोन. आवाज बसलेला. परवा सकाळी थोरली किनाऱ्याला लागली. मेलेली. शेपटीला जाळ्याचा तुकडा. काकांनी वळ बघून ओळखली. वनखात्याची माणसं आली, पंचनामा केला, वाळूत पुरली. फोटो पाठवलाय. उजव्या कुशीवर पडलीय. डावी बाजू वर, तो पांढरा वळ. कुणी उलटून बघितली नाही. उलटली असती तर खाली, वाळूत दाबलेली, धाकटी दिसली असती.

मी रडत होते. काकांना वाटलं थोरलीसाठी. तेही खरंच होतं. मला समजावत म्हणाले, जीव आहे तो, कधी ना कधी जायचाच. मग म्हणाले, “पण धाकटी खंय दिसणा नाय गो. एकटी पडली आसतली. मी सोदतंय.”

परवापासून शोधतायत. मासेमारी आटपून घरी यायच्या ऐवजी होडी पुन्हा बाहेर काढतात, आम्ही जायचो त्या सगळ्या जागा फिरतात. काल संध्याकाळी काकूही बरोबर गेली. कुठल्या तरी कळपात मिसळलेली दिसली तरी बरं वाटेल, म्हणाले. उद्या खाडीच्या तोंडाशी जाऊन बघणार आहेत.

‘नका जाऊ’ एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

५ एप्रिल, शनिवार

पहाटेच काकांना फोन केला, ते निघायच्या आत. सांगितलं. मग संस्थेला मेल, तो पाठमोरा फोटो जोडून. मग अण्णांना. संस्थेचं उत्तर नाही. अण्णांनी फोन ठेवला.

काका मात्र सगळं ऐकून घेऊनही लाइनवरच होते. मागं समुद्राचा आवाज येत होता. मला वाटलं, फुकट गेलेल्या डिझेलचं बोलतील, शिवी देतील.

म्हणाले, “मगे ती येवढे दिस एकटीच होती?”