एकाच पायाची सूज

प्रिय खिडकीवाली,

माझ्या फुफ्फुसात रक्ताची गुठळी आहे. आज सकाळी स्कॅन पाहून इथल्या डॉक्टरीणबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं. पोटरीत झाली, तिथून वर गेली. औषध चालू झालंय, नाकाला ऑक्सिजन आहे, धोका पुरता टळलेला नाही. काल अंगणात मी कोसळले तेव्हा पाण्याचे जार आणणारा नेमका फाटकात होता, म्हणून हॉस्पिटलात पोचले. तुला मात्र तिथल्या सिस्टरनं, घरचे न्यायला आले होते, असंच सांगितलं असणार.

पोटाची चरबी काढल्यावर आपल्याला ठेवलं ते घर अजून अंगावरून उतरत नाही. न उघडणाऱ्या काचा, विश्रांतीच्या नावाखाली बंद फाटक, आणि छातीपासून मांडीपर्यंत तो घट्ट पट्टा, ज्यात हसायचीही चोरी. तरी आपण हसलोच. पोट कापून घ्यायचं आणि दिवसभर लोळून खायचं, ही कुठली शहाणी रीत, असं तू म्हणायचीस. तू आईला ट्रेनिंगचं सांगून आलेली, मी नवऱ्याला मैत्रिणीकडे राहते म्हणून. म्हणून फोन बंद, नावंसुद्धा नकोत. जिची खाट जिथे, तेच नाव: तू खिडकीवाली, मी दारवाली. फाटक उघडं असतं तरी गेलो कुठे असतो गं? घरी जाऊन सांगणार काय?

माझी डावी पोटरी दगडासारखी झाली तेव्हा तू म्हणालीस, सूज सगळ्यांनाच येते. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या मावशींनी मान डोलावली. त्यांची ही दुसरी खेप, त्यामुळे आपल्या लेखी त्याच मोठ्या डॉक्टर. नुसतं कुशीवर वळताना धाप लागायची, तर मी पट्ट्याला शिव्या घातल्या. आज हे सगळं सांगितलं तर डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दोन्हीकडे सारखी आणि रोज थोडी उतरणारी सूज असतेच. एकाच पायाची, गरम, दुखरी सूज वेगळी. आणि श्वास लागला तर उद्या बघू म्हणायचंच नाही. सिस्टरला हे कळत नसेल का, असं मला वाटत राहिलं. तर जारवाला सांगतो, ती नर्स नाहीच, पूर्वी दवाखान्यात अपॉइंटमेंटी द्यायची!

हे सगळं लिहितेय ते तुझ्यासाठी. काल तू दोन पांघरुणांखाली कुडकुडत होतीस आणि एसीला दोष देत होतीस. टाक्यांजवळची लाली कमरेकडे सरकतेय, पट्ट्याला घाण वास येतोय, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतंय, हे तूच मला सांगितलंस. मी ते इथे बोलून दाखवलं तशा डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी लगेच तिकडे फोन केला. सगळ्या मजेत आहेत, म्हणाली सिस्टर. पेशंटचं नाव काय, असं त्यांनी मला विचारलं आणि मला सांगता येईना. म्हणून हे पत्र. जारवाला मला बघायला आलाय, इथूनच संध्याकाळच्या फेरीला तिकडे निघालाय, तुझ्याच हातात देईल. त्याच्या मागोमाग इथली रुग्णवाहिका येईल. सिस्टर म्हणेल, मोठ्या डॉक्टरांना विचारू, सकाळपर्यंत थांब. थांबू नकोस. कपडे बदलू नकोस, बॅग राहू दे, आईला काय सांगायचं ते आपण मिळून बघू. फक्त मोठ्यानं सांग, मला जायचंय. जंतू आत पसरत असतील तर जखम आजच उघडावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. ऑपरेशनची खोली त्यांनी तयार ठेवायला सांगितलीय आणि त्या स्वतः खाली दाराशी उभ्या राहणार आहेत.

तुझीच,
दारवाली