गोठ्यात चाललेला माझा तास

ती. अप्पाकाका,

कोल्हापुराहून अंतराचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि काकू त्याला अजून रागावतात का (गुडघ्याला, तुम्हाला रागावतातच), ते कळवा.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की, संख्याशास्त्राचा माझा ऑनलाइन तास कॉलेजात विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त वेळ पाहिला. त्यातला 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द कृपया खोडा. एक म्हैस तो ऐकत होती. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही एवढ्यावरच हसत सुटला असता आणि पुढचं राहून गेलं असतं.

ऑनलाइन शिकवण्याचा उपयोग किती होतो हे मोजायचं काम आमचे विभागप्रमुख धैर्यशील सर आणि मी, अशा दोघांकडे आहे. सरांची पट्टी सोपी: व्हिडिओ जितका जास्त वेळ चालला, तितकं शिक्षण झालं. त्या पट्टीनं मी पहिली आले. (पहिली आले की मला धडकीच भरते. चौथीपर्यंत तुम्हीच मला घरी शिकवलंत, आणि उत्तर बरोबर आलं तरी "रीत दाखव" म्हणून पाटी परत करायचात.) प्राचार्यांनी लगेच माझा सत्कार ठरवला, फेट्याच्या रंगासकट. मी मात्र आकडे पुन्हा तपासले, तर जवळजवळ सगळा वेळ एकाच मुलीच्या नावावर: गडमुडशिंगीची तेजस्वी, बी.कॉम. दुसरं वर्ष. रोज सकाळ-संध्याकाळ तोच तास. आपलं शिकवणं इतकं अवघड आहे की काय, या काळजीनं मी रविवारी तिची माफी मागायला गेले.

तिच्या आई (त्यांना सगळे आक्का म्हणतात) गोठ्यातच भेटल्या. "तुमीच व्हय त्या सरासरीवाल्या बाई!" मग उलगडा झाला. त्यांच्या चंद्री म्हशीला धारेच्या वेळी रेडिओवरच्या बातम्या ऐकायची सवय होती. रेडिओ बिघडला, तशी ती दूध चोरायला, म्हणजे आतच आखडून धरायला लागली. एकदा तेजस्वी रेंज मिळते म्हणून फोन घेऊन गोठ्यात आली, माझा तास लावला, आणि आक्कांच्या शब्दांत, "घळाघळा पान्हा सोडला की!" तेव्हापासून मी दोन वेळा धारेला असते.

हे ऐकून मी ओशाळून काहीतरी बोलू लागले, तर चंद्रीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं (वर्गात असं कधी कुणी पाहिलेलं नाही) आणि दूध ठिबकायला लागलं. आक्का ओरडल्या, "आवं, बादली आणूस्तवर गप ऱ्हावा की!" घाबरून मी आणखी माफी मागितली. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. उरलेल्या दुधाचा चहा फार चांगला झाला होता.

खरा घोळ पुढेच आहे. मागे जेमतेम पास झालेल्या तेजस्वीला यंदाच्या चाचणीत सर्वांत जास्त गुण आहेत. कसे, विचारलं तर म्हणाली, "म्याडम, धार काढायची म्हंजे ऐकायलाच लागतंय की. पळून जाणार कुठं?" सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आकडा खरा हाय न्हवं? मग म्हशीचं कशाला काढताय?" म्हणजे उत्तर बरोबर आहे, रीत तेवढी गोठ्यातली आहे. ती अहवालात कुठल्या रकान्यात दाखवू? न दाखवता फेटा कसा बांधून घेऊ? सत्कार शुक्रवारी आहे. त्याआधी मी प्राचार्यांना सगळं सांगणार.

तुमची,
अंतरा

ता. क. गुडघ्याची चौकशी मनापासूनच होती, पण पत्र तुमचा माळ्यावरचा रेडिओ चंद्रीसाठी मागायला लिहिलं. खरं सांगितल्यावर माझा व्हिडिओ काढून टाकला, तर चंद्रीचं कसं व्हायचं?

पुन्हा ता. क. रेडिओ माळ्यावरच राहू द्या. आक्कांचा आत्ताच फोन आला. त्यांनी शेजारचा रेडिओ लावून पाहिला, तर चंद्रीनं लाथ मारून बादली पाडली. वर म्हणाल्या, "त्योच त्यो धडा ऐकून आमाला पाठ झालाय. फुडचा शिकवा की." तेव्हा सकाळी प्राचार्य आणि संध्याकाळी गोठ्यात पुढचा धडा, दोन्ही एकाच दिवशी: गुरुवार, २० ऑगस्ट.