छातीवर ठेवलेला हात

बाबा, नाताळात मिशनच्या बाईंनी दिलेलं ते बायबलातल्या गोष्टीचं छापील चित्र आईनं बैठकीत लावलं होतं. मंदिरात दोघं प्रार्थना करताहेत. पुढे धर्मात पक्का परूशी, ताठ मानेचा. मागे खांबाआड जकातदार, मान खाली, हात छातीवर. याचं तोंड का दिसत नाही, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्याले वर पाहाची लाज वाटून राह्यली. छातीवर हात म्हणजे दोष इथी आहे, माह्यात." तुम्ही जंगल खात्यात नाकेदार, चोरटा लाकूडफाटा अडवणारे. जकातदार म्हणजे तुमच्यासारखाच कुणी, अशी माझी समजूत.

त्या उन्हाळ्यात तुम्ही एका गोंड म्हाताऱ्याला बांबू तोडताना पकडलंत, थपडा मारल्यात आणि त्याची कुऱ्हाड घरी आणलीत. बांबू त्याच्या बायकोच्या तिरडीसाठी होते, हे संध्याकाळी कळलं. तुम्ही जेवला नाहीत. बाजाराच्या दिवशी मला बरोबर घेऊन तुम्ही त्याच्यापुढे गेलात. कुऱ्हाड त्याच्या पायाशी ठेवलीत, टोपी काढलीत, आणि मान खाली घालून, छातीवर हात धरून नुसते उभे राहिलात. सगळा बाजार बघतो आहे. म्हाताऱ्याला ती खूण कुठून कळणार? "साहेब, छातीत दुखून राह्यलं का?" म्हणाला, आणि हाताला धरून तुम्हाला मोहाच्या सावलीत बसवून आपल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी पाजलं. लोक हसले. मी लाजेनं मेले. शाळेत मुलींना सांगून टाकलं की बाबांना छातीचा आजार आहे.

पुढं कितीतरी वर्षं तुम्ही आईजवळ म्हणत राहिलात की त्यानं माफ केलं की नाही, काही समजलंच नाही. शेवटच्या आजारातही एकदा विचारलंत, तो म्हातारा असेल का अजून.

तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, आता हे कुठं धाडू? पण लिहिते. त्या बाजारानंतर, तुम्ही जंगलात असताना, तो आपल्या दारी आला होता. पळसाच्या द्रोणात मध घेऊन. त्याला एव्हाना कुणी तरी समजावून सांगितलं असावं. म्हणाला, "बापाले सांगजो, माह्या मनात काई नाई." मी हो म्हटलं. सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा भर बाजारात त्याच्याकडे गेला असतात, म्हणून सांगितलं नाही. आई विहिरीवर होती. मध मी परसात बसून एकटीनं संपवला. गोड लागला, बाबा.