गाळलेली ओळ

माय, तुला जाऊन अठरा वर्षे झाली. तुला वाचता येत नव्हते, तरीही लिहितो आहे, कारण तोंडाने सांगण्याची वेळ मी दवडली.

प्लेगने सुरत रिकामी होऊन पुन्हा भरली, त्याच्या पुढचे वर्ष. पांडेसऱ्याच्या खोलीत तू कळण्याची भाकरी थापते आहेस आणि मी उंबऱ्याशी संमतिपत्रक घेऊन बसलो आहे. मुलांच्या ज्या दवाखान्यात तू आया होतीस, तिथेच मी बी.कॉम. होऊन तात्पुरता कारकून लागलो होतो. जुलाबावरच्या नव्या औषधाची लहान मुलांवर चाचणी व्हायची होती. पत्रक इंग्रजीत होते. वस्तीतल्या खानदेशी बाया डॉक्टरांपुढे नुसती मान हलवत. विश्वास ठेवत तो तुझ्यावर. "यामा काय लिखेल शे, ते सम्दं सांग," तू म्हणालीस. "मी बायासले अर्धंमुर्धं सांगस नही." मी ओळीमागून ओळ सांगत गेलो आणि एक गाळली: निम्म्या मुलांना औषधाऐवजी तसेच दिसणारे नुसते गोड पाणी मिळेल.

तुझ्या शब्दावर बायांनी अंगठे दिले. आठवड्याच्या आत शेजारणीची तीन वर्षांची मुलगी, डोळे खोल गेलेली, दवाखान्यात आणली. डॉक्टरांनी यादी काढून पाहिली. तिच्या बाटलीत औषध नव्हते. सलाईनची सुई शिरेत जाईना, तू तिचा हात धरलेला, आणि शेजारीण तुलाच विचारते आहे, "मावशी, औषध शे, तूच सांगं व्हतं ना?"

मुलगी तिसऱ्या दिवशी सावरली. त्या संध्याकाळी तू मला विचारलेस, "ते कागदवर लिखेल व्हतं का?" मी म्हणालो, "होतं. मला ते इंग्रजी कळलं नाही." "कामर्सनं इंग्रजी येगळं राहस व्हई," एवढेच बोललीस आणि पदर घेऊन निघालीस. ज्या ज्या दारात अंगठा मिळाला होता, त्या प्रत्येक दारात जाऊन निम्म्या बाटल्यांत औषध नाही हे सांगितलेस आणि म्हणालीस, "मन्हा पोऱ्याले इंग्रजी समजनं नही. चूक मन्ही शे. पोरनं नाव यादीमाईन काढनं व्हई त काढा." एकीने टोमणा मारला, "इतला शिकेल, तरी?" तू हसलीस. मी तुझ्यामागे उभा होतो.

मला ते समजले होते, माय. चाचणीसाठी ठरल्याइतकी मुले भरली की नोकरी कायम, असे डॉक्टर म्हणाले होते, आणि ती ओळ ऐकून तू एकीलाही हो म्हणू दिले नसतेस. बी.कॉम.च्या निकालात माझे सर्वांत जास्त गुण इंग्रजीत होते. ते मी सर्वांआधी तुलाच सांगितले होते. दारोदार फिरताना ते तुझ्या लक्षात होते का, हे विचारायला मी पुढे कधीच धजावलो नाही.