कुडकुडणं थांबलं

ट्रॉम्सो, नॉर्वे

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. आईचा विषय काढला की तुम्ही "ठीक है बेटा" म्हणून फोन ठेवता, म्हणून हे पत्र.

माझी काळजी नको. आमच्या थंडीच्या प्रयोगात मीही बसते, रोज पातळ कपड्यांत, गार खोलीत. आधी दात वाजायचे. आता कुडकुडत नाही. मानेजवळची तपकिरी चरबी थंडीने जागी होते आणि साठवलेलं जाळून ऊब देते. पांढऱ्या चरबीतल्या काही पेशीही बदामी होऊन तेच काम शिकतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हिला थंडी वाजतच नाही.

आईने पाठवलेले मेथीचे लाडू पोचले, त्या दिवशी मी ते सगळ्या लॅबला वाटले. तिला सांगायला फोन केला, तर अंकुर म्हणाला, "ताई, आई सो रही है." घरात तिचं सुतक चालू होतं आणि मी इथे तिच्या हातचं गोड वाटत होते. प्रयोग अर्धवट राहील म्हणून कळवलं नाही, असं तुम्ही नंतर म्हणालात. प्रयोग पुरा झाला, बाबा; गार खोलीत मी अजूनही रोज बसते.

तुमचं बीपी कसं आहे? अंकुर वेळेवर जेवतो ना? सकाळी टेकडीवर जाताना कान बांधत जा.

उबेत परतलं की शरीर हे शिकलेलं काही आठवड्यांत विसरतं. म्हणून या उन्हाळ्यात मी घरी, देवासला येणार नाही.

घरात काही झालं, तर या वेळी कळवा.

तुमची,
देवश्री