छत्तीस फोटो

सदरबझार, सातारा
१५ डिसेंबर २०२४

प्रिय शकूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हळदीचा डबा पोचला. गुडघा बरा आहे, थंडी बऱ्यापैकी पडली आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण सकाळपासून तीनदा नंबर लावला आणि तीनदा बंद केला. हा चौथा कागद. आधीचे फाडले.

तुझी अबोली आल्यापासून माझा जुना कॅमेरा गळ्यातून काढत नाही. नोकरी लागल्यावर घेतलेला तोच, दुकानातला सगळ्यात स्वस्त, सगळं हातानं करायचा. काल तिला रोल भरायला शिकवला. म्हटलं, "रोल पुढे सरकवायचा खटका ओढताना डावीकडची चकती फिरते का बघ. नाही फिरली तर रोल आत अडकलेलाच नाही. फोटोंचा आकडा तरीही पुढे जातो, त्याच्यावर जाऊ नकोस."

"मामा, तुझं झालंय कधी असं?"

मी चहा टाकायला उठलो. चहा आमच्या पुढ्यातच होता.

झालंय, शकू. तुझ्या लग्नात.

फोटोग्राफर कशाला, मी आहे ना, असं मिरवत छत्तीस फोटो काढले. पाठवणीच्या वेळी आबा खांबाआड तोंड पुसत होते, तोही काढला. रोल जागचा हललाच नव्हता. सयाजीनं त्याच्या फोटोच्या दुकानात धुतला तर कोरा. त्यानं मला आत बोलावून दाखवला. मी रडायला लागलो तसा म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं. माझ्या नावावर खपव. आबा आज रागावत्याल, उद्या यत्याल दुकानात."

मी घरी सांगितलं, सयाजीनं धुताना उजेड लागू दिला, रोल जाळला. आबा त्याला भर रस्त्यात नाही नाही ते बोलले. परत दुकानात गेले नाहीत. चार महिन्यांत तेच गेले. घरात सयाजीचं नाव 'रोल जाळणारा' पडलं. सगळे हसायचे, मीही हसायचो. चौतीस वर्षं मी गप्प बसलो, याची मला लाज वाटते.

अबोलीला रोल धुवायला शिकायचंय. माझ्या ओळखीत ते एकट्या सयाजीला येतं, आणि त्याची पायरी चढायची नाही असं तू तिला बजावलंयस. ती तुझा शब्द मोडत नाही.

पत्र टाकून मी तिला सगळं सांगणार आहे आणि त्याच्याकडे घेऊन जाणार आहे. आबांचा तो फोटो मी तुला देऊ शकत नाही. माझ्यावर रागाव, माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण सयाजीवरचा राग सोड.

रोल जाळणारा,
तुझा दादा
शरच्चंद्र