परगावच्या सभासदाचं मत

अकोला
२ जून २०२४

तीर्थरूप रागिणीताईस,
शालिकरामचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक आहोत. ऊन अजून हटत नाही. तुझं गुडघ्याचं तेल चंद्रभानच्या पोरीबरोबर पाठवलं आहे, राजापेठेत येऊन देईल.

पत्राचं खरं कारण फुटबॉल. आपल्या मोर्णाकाठ क्लबला कोच नाही आणि समितीतल्या तिघांनी मनोजचं नाव पुढे केलं आहे. हो, तोच मनोज. २००३ च्या फायनलला जो आलाच नाही, महिन्याभरात नागपूरच्या क्लबात गेला आणि पुढच्या वर्षी आपल्यावरच तीन गोल मारून गेला. आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे. कोचिंगची परीक्षा पास झाला, तेल्हाऱ्याच्या एका शाळेत पोरं शिकवत होता, ते काम एप्रिलमध्ये संपलं. घरी बायको प्रणाली आणि म्हातारी आई माणिकबाई. त्याला हे काम फार हवं आहे.

चंद्रभानच्या पानठेल्यावर रोज भांडण आहे. चंद्रभान म्हणतो, ज्यानं फायनलले आपल्याले तोंडघशी पाडलं, त्याले आता हार घालाचा काय? फुलवाल्या दुर्गाबाई म्हणतात, हार माह्या दुकानातून जाईन, तुमाले काहून त्रास होऊन राहिला? बाई तीस वर्षं गोलमागे बसतात, त्यांना कोणी गप्प करू शकत नाही.

सोळा तारखेला सभा आहे. बाबांनी क्लब काढला तेव्हाचा नियम तुला पाठ आहे: परगावच्या आजीव सभासदानं मत हातानं लिहून पाठवायचं आणि सचिवानं ते सभेत पूर्ण वाचायचं, एक शब्द न गाळता. परगावची तू एकटीच उरलीस, आणि सचिव मीच. लोक तुझ्या पत्राची वाट पाहतात. जरा झणझणीत लिही.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
शालिकराम


अमरावती
८ जून २०२४

चि. शालिकराम यास अनेक आशीर्वाद.

तेल मिळालं. बाटली गळत होती, त्यामुळे गुडघ्याआधी चंद्रभानच्या मुलीच्या पर्सला गुण आला. मत सोबत जोडलं आहे. खणखणीत आवाजात वाच. लहानपणी धडा वाचताना पुटपुटायचास, तसं नको.

तुझ्या वागण्यावर अवलंबून असलेला लोभ, तूर्त शाबूत.
ताई

(सोबतचं मत)

मोर्णाकाठ फुटबॉल क्लबच्या सभेस,

श्री. मनोज यांना कोच नेमावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी एक करावं. मोठ्या लेकीच्या मांडवातून पळालेला नवरदेव शोधावा आणि धाकटीचं लग्न जमवायला त्यालाच मध्यस्थ नेमावं. ते जमलं तर माझं मत मनोज यांना.

ते मुलांना काय शिकवणार? बूट बांधायला नव्हे, बॅग बांधायला. फायनलच्या दिवशी अकरा माणसं मैदानावर लागतात हे ज्याला वयाच्या तेविसाव्या वर्षी कळलं नाही, त्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी सर्टिफिकेट मिळालं म्हणून कळेल, असं मानायला मी तयार नाही. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. सर्टिफिकेटं कशी मिळतात हे मला ठाऊक आहे.

त्यांच्या मातोश्री माणिकबाई तेल्हाऱ्याच्या बाजारात वांगी विकतात. किडकं वांगं त्या गिऱ्हाइकाला देत नाहीत असा त्यांचा लौकिक आहे. मुलगा मात्र त्यांनी न तपासताच बाजारात आणला.

जागा रिकामी सोडणं, हे एकच काम या गृहस्थांनी क्लबसाठी चोख केलं. ती जागा माझ्या अंकुरनं भरली आणि एकोणऐंशीव्या मिनिटाला गोल केला. त्या गोलावर तो विदर्भाच्या संघात गेला, त्यावर त्याला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. जो हजर राहतो त्याचं भलं होतं. मुलांना हे शिकवायला कोच लागत नाही.

माझं मत विरोधात.
रागिणी
आजीव सभासद


अकोला
१७ जून २०२४

तीर्थरूप ताईस,
शालिकरामचा साष्टांग नमस्कार.

ताई, जिंकलो. एकतीस विरुद्ध बारा. तुझं पत्र नसतं तर बरोबरीत गेलं असतं. मी एक शब्द गाळला नाही. मांडवातल्या नवरदेवाला लोक एवढे हसले की चंद्रभानला ठसका लागला. वांग्याला तर दोनदा वाचा म्हणून ओरड झाली, मी दोनदा वाचलं.

माणिकबाई आल्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं, खरंच. दुर्गाबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर उठल्या, पिशवी घेतली आणि गेल्या. मनोज मात्र शेवटपर्यंत बसला. मी विचारलं, काही बोलायचं आहे का. तो उभा राहून एवढंच म्हणाला की मी रविवारी आलो होतो. चंद्रभान म्हणाला, अन् आमी शनिवारी काय भजे खायाले आलो होतो? पुन्हा हशा. तेच जुनं रडगाणं आहे त्याचं. मैदानाचं काम निघालं म्हणून फायनल रविवारची शनिवारवर आली होती, सगळ्या संघाला निरोप होता, आणि याला म्हणे मिळाला नाही.

मतमोजणी झाल्यावर तो गेला. आता पानठेल्यावरची पोरं त्याला वांगं म्हणतात. तुझी जीभ ताई, अजून तशीच आहे.

या भावाकडे कौतुकानं पाहत राहा.
शालिकराम


अमरावती
२१ जून २०२४

चि. शालिकराम यास आशीर्वाद, सवयीने.

आई सभेला आली होती हे वाचून मला बरं वाटलं नाही. पण मी ज्यासाठी लिहिते आहे ते वेगळं आहे. मनोज रविवारी आला होता, हे वाक्य मी याआधी कधी ऐकलं नव्हतं. मला तुम्ही सगळ्यांनी सांगितलं होतं की तो नागपूरला ट्रायल द्यायला गेला. नागपूरला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी बूट घेऊन अकोल्याच्या रिकाम्या मैदानावर कशाला येईल?

म्हणून मी जुनी पत्रं काढली. आमच्या शाळेच्या मुख्य सिस्टर म्हणायच्या, आठवणीवर विसंबू नये, कागद पाहावा. तुझं पत्र सापडलं, बुधवार, २६ नोव्हेंबर २००३. त्यात तू लिहितोस की सामना आता शनिवारी आहे, नक्की ये, अंकुर सुरुवातीपासून खेळणार आहे, हा भावाचा शब्द.

अंकुर राखीव होता. मनोज मैदानावर असताना तो फक्त पाण्याच्या बाटल्या न्यायचा, हे मी आई असून लिहिते. मनोजला ताप नव्हता, दुखापत नव्हती. मग तो शनिवारी येणार नाही हे तुला बुधवारी कसं कळलं?

परगावच्या खेळाडूंना निरोप देण्याचं काम सचिवाचं असतं, नाही का? उत्तर टपालानं पाठव. फोन केलास तर उचलणार नाही. फोनवर तू रडतोस आणि मुद्दा राहून जातो.

लोभाचं तुझ्या उत्तरानंतर पाहू.
ताई


अकोला
२७ जून २०२४

ताई,
नमस्कार.

मनोज त्या आठवड्यात कापूस वेचणीला तेल्हाऱ्याला घरी होता. मी स्वतः त्याच्या घरी गेलो, बुधवारीच. सांगितलं की सामना ठरल्याप्रमाणे रविवारी चार वाजता आहे. माणिकबाईंनी चहा दिला, तो प्यायलो आणि परत येऊन तुला पत्र टाकलं.

रविवारी तो आला तेव्हा मैदानावर खुर्च्या उचलणं चाललं होतं. मी सगळ्यांना सांगितलं की निरोप्या पाठवला होता. सचिवाचं ऐकतील की त्याचं?

आता तू कपाळावर आठी घालशील. त्याआधी ऐक, जुने कागद मीही काढले. तुझी पत्रं मीही ठेवतो. त्या दिवाळीत तू लिहिलं होतंस की अंकुर चौथ्या वर्षी बाकावर बसून आहे, मामा सचिव असून उपयोग काय, आणि फायनलला तो उतरला नाही तर पुढच्या भाऊबीजेला ओवाळायला दुसरी बहीण शोध. मी दुसरी बहीण शोधली नाही, ताई.

अंकुरच्या नोकरीला एकोणीस वर्षं होत आली. घर आहे, हप्ते आहेत, पोरगी बारावीत आहे. हा कागद वाचून फाडून टाक. मनोज काय, त्याला कुठेतरी काम मिळेल.

आपण दोघंच उरलो आहोत, एवढं ध्यानात ठेव.
शालिकराम


अमरावती
८ जुलै २०२४

शालिकराम,

सोबतचा कागद पुढच्या सभेत वाचायचा आहे. नियमाप्रमाणे मत पाठवायला मला कुणाची परवानगी लागत नाही आणि तो गाळायची तुला मुभा नाही. एक प्रत दुर्गाबाईंकडे पाठवली आहे. तुझा घसा बसला तर त्या वाचतील. त्यांचा बसत नाही.

अंकुरला आधी सांगितलं. तो म्हणाला की आई, एवढं खरं बोलायचं होतं तर माझं रिटायरमेंट होईपर्यंत थांबली असतीस. मग त्यानं फोन ठेवला, तो अजून ठेवलेलाच आहे. तेल्हाऱ्यालाही जाऊन आले. माणिकबाईंनी दार उघडलं, मी कोण ते ऐकून घेतलं आणि दार लावलं. मी पण लावलं असतं.

ताई

(सोबतचं मत)

मोर्णाकाठ फुटबॉल क्लबच्या सभेस,

माझं मागचं पत्र खोटं होतं. अक्षर चांगलं होतं, एवढंच त्यात खरं.

मनोज फायनलला आले नाहीत, कारण हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणाऱ्या गृहस्थांनी त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या आईच्या हातचा चहा पिऊन, त्यांना चुकीचा दिवस सांगितला. तुमचे सचिव. माझे सख्खे भाऊ. वाचताना थांबू नकोस, शालिकराम.

त्यांनी हे माझ्या मुलासाठी केलं आणि माझ्या धमकीवरून केलं. ओवाळणार नाही असं मी लिहिलं होतं. एका बाईच्या आरतीच्या तबकासाठी एका पोराचं मैदान गेलं, आणि वीस वर्षांनी त्याच बाईनं त्याला पळपुटा म्हटलं, त्याच्या आईसमोर. तुम्ही हसलात. तुम्हाला दोनदा हसायचं होतं.

माझं मत मनोज यांना. माझ्या मताची किंमत काय, ते तुम्ही ठरवा.

रागिणी


अकोला
२९ जुलै २०२४

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न.

चौदा तारखेच्या सभेत तुझं मत वाचलं. माझं नाव आलं तिथे पाणी मागितलं. दुर्गाबाईंनी दिलं नाही, वाचा म्हणाल्या. मी वाचलं. कुणी हसलं नाही. चंद्रभान सर्वात आधी हात वर करून मनोजच्या बाजूनं झाला. असा चेहरा करून बसला होता जणू त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. चाळीस विरुद्ध तीन. आता पानठेल्यावर वाद वेगळाच आहे, अंकुरचा गोल धरायचा की नाही. अर्धे म्हणतात कप परत करा, अर्धे म्हणतात गोल तं गोल असते भाऊ.

मी राजीनामा लिहून ठेवला होता. समिती मनोजला बोलवायला तेल्हाऱ्याला गेली, मलाही नेलं. त्यानं काम घेतलं. पगाराचं काही बोलला नाही. अट एकच घातली, की सचिव बदलायचा नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. समितीतले महादेवराव तर म्हणाले, पाहा, किती मोठं मन. मग त्यानं अट पूर्ण सांगितली. दर सामन्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः त्याच्या घरी यायचं आणि आईसमोर दिवस अन् वेळ सांगायची. फोन नाही, निरोप्या नाही. समितीनं तिथल्या तिथे ठराव केला.

तुझ्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यानं पोरांच्या बुटांची मापं विचारली.

काल पहिला सामना होता, म्हणून परवा गेलो. एसटीला उभ्यानं, माझ्या वयात. प्रणालीनं खुर्ची दिली. माणिकबाई समोर भाजी निवडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी सांगितलं की सामना उद्या, रविवारी, चार वाजता. मनोजनं विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. त्यानं मान डोलावली, मला चहा घ्यायचा आग्रह केला आणि बायकोला म्हणाला की मैदानावरच्या चौकीदाराले एक फोन लावून पाह्य.

ती बाहेर जाऊन फोन करून येईपर्यंत मी तिथेच बसलो होतो. चहा निवला. मोसमात अठरा सामने आहेत.

राहिलेला लोभ तुला वाटेल तिथे खर्च कर.
शालिकराम